दानीएलाने कशाकशाला ‘हो’ म्हटले?

आजचे वाचन: दानीएल 1:1-21
सोबत वाचा: 1 करिंथ 10:23-33, कलस्सै 3:22-24



दानीएलाचा पहिला अध्याय आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. राजाचे मिष्टान्न, द्राक्षारस, दहा दिवसांची परीक्षा, शाकभाजी आणि पाणी. आपल्याला दानीएलाचे ‘नाही’ पाठ आहे. पण हा अध्याय सावकाश वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या ‘नाही’च्या आधी दानीएलाने बऱ्याच गोष्टींना ‘हो’ म्हटले आहे. आज आपण त्या ‘हो’कडे बघू या, कारण कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या भागाची फार गरज आहे.

1. दानीएलाचे कॉलेज

यरुशलेमेहून बाबेलास नेलेली ही मुले तरुण होती. त्यांच्यासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठरला (वचन 5). विषय कोणता? खास्द्यांची भाषा आणि विद्या (वचन 4). त्या विद्येत काय होते? बाबेलच्या देवदेवतांच्या कथा, ताऱ्यांवरून भविष्य पाहणे, शकुन. यहूदी घरात वाढलेल्या मुलाला हे सगळे परके. तरी दानीएलाने अभ्यास नाकारला नाही. उलट वचन 17 सांगते की देवानेच या चौघांना त्या विद्येत निपुण केले.

मग नावे बदलली. दानीएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’. हनन्या, मीशाएल, अजऱ्या, प्रत्येकाच्या नावात जिवंत देवाचे नाव गुंफलेले. त्या जागी बेल्टशस्सर, शद्रख, मेशख, अबेद्नगो. बेल्टशस्सर हे नाव तर राजाच्या दैवतावरून ठेवले होते, हे राजा स्वतःच दानीएल 4:8 मध्ये सांगतो. विचार करा, रोज हजेरीला अशा नावाने हाक मारली जाते आणि हा मुलगा ‘हजर’ म्हणतो. त्यावरून त्याने भांडण केल्याचे शास्त्रात कुठेही नाही.

भाषेला हो, विद्येला हो, नोकरीला हो, नावालाही हरकत नाही. आणि मग एका ठिकाणी ठाम रेघ: राजाच्या ताटातले अन्न. दानीएलाने प्रत्येक गोष्टीत रेघ ओढली असती तर तो तीन दिवसही टिकला नसता. एकही रेघ ओढली नसती तर त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही उरले नसते.

2. आपल्या काळातला प्रश्न

आमच्या तरुण संघातली एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या परवानगीने लिहितोय, नाव देत नाही. जुलैत तिची कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये निवड झाली. पुण्यात कॉलेजचं नाटक म्हणजे काय हे बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ ही आरोळी एकदा ऐकली की पोरं दीड-दोन महिने घरदार विसरतात. संध्याकाळी सहाला तालीम सुरू होते, घरी यायला अकरा वाजतात. नेमक्या त्याच सुमारास युनिव्हर्सिटीच्या इन-सेम परीक्षा येतात.

तिचे वडील म्हणाले, “नाटक की प्रभू, एक काय ते ठरव.” ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्धच आहे का?” तिचे प्रश्न तीन होते. नाटकात काम करणं मुळातच चुकीचं का? पडदा उघडण्याआधी नटराजाची पूजा होते, तेव्हा मी काय करू? आणि उपासना, अभ्यास, तालीम हे सगळं बसवू कसं? मी म्हटलं, तडकाफडकी उत्तर नको, दानीएलाबरोबर थोडं चालून बघू.

3. नाटक करणे म्हणजे ढोंग करणे का?

मत्तय 6 आणि 23 मध्ये प्रभू येशू ज्यांना ‘ढोंगी’ म्हणतो, तिथला मूळ ग्रीक शब्द ‘हुपोक्रिटीस’ आहे. त्याचा अर्थ रंगमंचावरचा नट. हे कळलं की काही जण लगेच म्हणतात, बघा, प्रभूला नट आवडत नव्हते! पण ते वचन नीट वाचा. प्रभूचा रोख रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांवर आहे. लोकांना दिसावे म्हणून दानधर्म करणाऱ्यांवर आहे. नाटकात नट खोटा राजा होतो, तेव्हा तो राजा नाही हे प्रेक्षकांना माहीत असते, त्यात फसवणूक नाही. प्रभूच्या दृष्टीने धोका त्या माणसाचा, जो मंडळीत मुखवटा घालून बसतो आणि कुणाला कळू देत नाही. हा प्रश्न तालमीच्या हॉलपेक्षा आपल्या बाकांवर जास्त लागू आहे.

आणखी एक गंमत. नाटकवाल्यांच्या संगतीविषयी सावध करताना घरोघरी 1 करिंथ 15:33 सांगितले जाते, वाईट संगतीने चांगल्या सवयी बिघडतात या अर्थाचे. ते वाक्य मिनँडर नावाच्या ग्रीक नाटककाराचे असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे पौलाला नाटकातली वाक्ये माहीत होती आणि सत्य सांगायला त्याने ती वापरली. इशारा मात्र खराच आहे, तो सौम्य करू नका.

आपल्या मराठी मंडळीत तर ही वाट जुनी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. भजन आणि कीर्तन हे प्रकार त्यांनी टाकून दिले नाहीत, ते ख्रिस्ताच्या सेवेला लावले. आणि नाताळची नाटिका आपण सगळेच करतो. हेरोद झालेल्या मुलाला ‘तू क्रूर आहेस’ असं कुणी म्हणत नाही!

पण म्हणून कोणतीही भूमिका चालेल का? नाही. मी तिला एकच कसोटी सुचवली. वाईट दाखवणे आणि वाईटाची गोडी लावणे यांत फरक आहे. शास्त्रसुद्धा दावीदाचे पाप झाकून ठेवत नाही, पण ते वाचून कुणाला पाप करावेसे वाटत नाही. तुमचे नाटक वाईट दाखवते आहे की विकते आहे, हे संहिता वाचतानाच तपासावे.

4. नटराजाची पूजा आणि नारळाचा तुकडा

हा प्रश्न खरा कठीण, आणि मराठी ख्रिस्ती कलाकारांना तो चुकत नाही. प्रयोगाआधी विंगेत सगळे जमतात. रंगदेवतेला वंदन होते, नारळ फुटतो, तिसरी घंटा होते. हे मित्र आपले आहेत, त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे. तिथे तोंड वाकडे करून बाहेर निघून जाणे ही साक्ष नव्हे.

करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांपुढे हाच पेच होता. पौलाचे उत्तर दोन भागांत येते. समोर वाढलेले अन्न खा, उगाच चौकशा करत बसू नका (10:27). पण ते मूर्तीला दाखवलेले आहे असे कुणी स्पष्ट सांगितले, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका (10:28). मला यातून जे समजते ते असे: पूजेच्या वेळी आदराने शांत उभे राहावे, आरतीचे ताट हातात घेऊ नये, प्रसाद हसून नाकारावा. रोम 14 लक्षात ठेवून हेही सांगतो की या बाबतीत प्रामाणिक विश्वासणाऱ्यांची मते वेगळी असतात. दुसऱ्याच्या विवेकाचा न्यायाधीश मी नाही.

यात दानीएलाची रीत मोलाची आहे. त्याने ताट भिरकावले नाही. तो अश्पनजाकडे गेला आणि त्याने विनंती केली (वचन 8). अश्पनज घाबरला, तेव्हा दानीएलाने त्याची भीती समजून घेतली आणि दहा दिवसांचा मार्ग सुचवला. तिनेही प्रयोगाच्या दिवशी नाही, तर पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शकाला सांगितलं, “मी पूजेत भाग घेणार नाही, पण त्या वेळी विंगेत जे काम असेल ते माझ्याकडे द्या.” त्याने मान डोलावली आणि प्रॉपर्टी लावायचं काम तिला दिलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही असंच आहे. पहिल्या दिवशी सांगितलेली अडचण म्हणजे नियोजन, रिलीजच्या आदल्या रात्री सांगितलेली अडचण म्हणजे संकट. दानीएलाचा निश्चय ताट समोर येण्याआधी मनात झालेला होता.

5. वेळेचा हिशोब

आम्ही कागद घेऊन बसलो. आठवड्याचे तास 168. झोप रोज सात म्हणजे 49. लेक्चर आणि प्रॅक्टिकल 30. तालीम साडेचार तास, सहा दिवस, म्हणजे 27. जाणं-येणं 10. जेवण, आंघोळ, घरची कामं 14. उपासना आणि तरुण संघ 3. बेरीज 133. उरले 35 तास. ती कागदाकडे बघतच राहिली. “दादा, हे 35 जातात कुठे?”

काही कट्ट्यावर, काही फोनमध्ये, आणि बरेचसे सहाची तालीम सव्वासातला सुरू होण्यात. इफिस 5:15-16 मध्ये पौल वेळेचा सदुपयोग करायला सांगतो. त्याला दिवसाचे तास वाढवून मिळाले नव्हते. विखुरलेले तुकडे गोळा करायचे, एवढेच हातात असते. तिने वही तालमीला न्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्यांचा प्रवेश चालू असताना कोपऱ्यात बसून गणितं सोडवली.

प्रार्थनेचे काय? दानीएल 6:10 पाहा. सिंहांच्या गुहेचा हुकूम निघाल्यावरही तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता, जसा पूर्वी टेकत असे तसा. ‘पूर्वी’ हा शब्द अधोरेखित करा. संकटात टिकली ती आधीची सवय. तिने सकाळची वीस मिनिटे धरली, तालीम कितीही लांबली तरी.

6. रेघेची किंमत

रविवारचे मात्र सोपे नव्हते. सकाळी नऊ ते साडेअकरा मी येणार नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. दिग्दर्शक सरळ माणूस. तो म्हणाला, “रविवारची सकाळ आमची सगळ्यात मोठी तालीम. मग तुला मुख्य भूमिका नाही देता येणार.” वाचनात तिचीच निवड झाली होती. ती भूमिका दुसरीकडे गेली. तिला दोन प्रवेशांचं छोटं काम मिळालं, आणि प्रकाशयोजनेत मदत. त्या रात्री ती रडली. मी तिला ‘प्रभू याहून मोठं देईल’ असं म्हटलं नाही, कारण तसं वचन या अध्यायात नाही. दहा दिवसांनंतर काय होईल हे दानीएलालाही कुणी आधी सांगितले नव्हते. राजाच्या अन्नाला नाही म्हणताना त्याच्या हातात निकाल नव्हता, फक्त देव होता.

पुढे काय झालं तेही सांगतो. त्यांची एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही. गणिताच्या इन-सेमला तिला 30 पैकी 11 गुण मिळाले, बाकीचे विषय बरे गेले. वडील प्रयोगाला आले, मागच्या रांगेत बसले. नंतर नाटकाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, फक्त “जेवलीस का?” विचारलं. पुढच्या वर्षीचा प्रश्न घरात अजून उघडाच आहे. आणि तिच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने विचारलं, “रविवारी असं काय असतं गं तिथे, की तू लीड सोडलास?” त्या प्रश्नाचं उत्तर ती अजून देते आहे.

कलस्सै 3:23 मध्ये पौल हे लिहितो ते दासांना, ज्यांच्या कामाला टाळ्या मिळत नव्हत्या. माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी करतो आहोत असे समजून काम जिवेभावे करा. 2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नव्हता. अशा वर्षी दोन महिने राबलेल्या मुलांच्या हाती काय राहते? जो करंडकासाठी राबला त्याच्या हाती काहीच नाही. जो प्रभूसाठी दिवा लावायला उभा राहिला, त्याचे काम आधीच पाहिले गेले आहे.

मननासाठी

• माझ्या कॉलेजात किंवा ऑफिसात मी कोणत्या गोष्टींना विनाकारण ‘नाही’ म्हणतो? आणि कोणत्या एका ठिकाणी रेघ ओढायची राहिली आहे?
• माझी रेघ मी आधी आणि नम्रपणे सांगितली आहे का, की वेळ आल्यावर रागाने सांगतो?
• पालकहो, ‘हे की ते’ असे विचारण्याआधी आपण मुलांबरोबर कागद घेऊन बसलो आहोत का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमची मुले रोज बाबेलच्या शाळेत जातात. त्यांना तेथील विद्या मन लावून शिकण्याची बुद्धी दे. कुठे हो म्हणावे आणि कुठे नाही, हे ओळखण्याचा विवेक दे. नाही म्हणताना त्यांची जीभ गोड ठेव, आणि त्याची किंमत मोजताना त्यांच्या जवळ राहा. आम्हा मोठ्यांना ऐकून घेण्याचा धीर दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन: दानीएल 2:1-23.