डोकरा : कला आणि हिशेब

आदिलाबाद परिसरातील वोज कारागीर गोंड समाजासाठी पितळेच्या देवमूर्ती, घंटा व दागिने पिढ्यान्‌पिढ्या ओतीत आले आहेत. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारांनी नक्षी करून वर मातीचा लेप देतात. भट्टीत मेण वितळून निघते व त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडावाच लागतो. म्हणून प्रत्येक वस्तू एकमेव ठरते.

२०१८ साली ‘आदिलाबाद डोकरा’स भौगोलिक मानांकन लाभले. तथापि केवळ मानांकनाने चूल पेटत नाही. पितळ, मेण, जळण, बिघडलेले ओतकाम व स्वतःची मजुरी वहीत नोंदवूनच किंमत ठरवावी; मागणी स्वीकारताना विसार घ्यावा. पितळेच्या वजनावर विक्री केल्यास कला फुकट जाते आणि पुढील पिढी भट्टीकडे पाठ फिरवते. हिशेब लिहिण्याच्या कामी शिक्षकांनी साहाय्य करणे अगत्याचे आहे.