उपटण्याआधी ओळख

शास्त्रपाठ : मत्तय १३:२४-३०



निदणाचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. चाकर निदण काढायला निघाले, तेव्हा धन्याने त्यांना थांबवले, कारण त्याबरोबर गहूही उपटला गेला असता. दाखल्याचा खरा अर्थ प्रभूने पुढे स्वतः सांगितला आहे आणि तो शेतीविषयी नाही. तरी धन्याची ती सावधगिरी आमच्या कामाला लागू पडते.

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, निहाल व भिलाला बांधवांची गावे आहेत. चारा, मोहफुले, पावसाळी रानभाजी हे सारे रानातून व बांधावरून येते. तिथे परदेशी तणे जागा घेत आहेत. १९५० च्या दशकात पुण्यात आढळलेले गाजरगवत आज सगळीकडे आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीचा पाला गुरांच्या यकृताला बाधतो.

या तणांची नोंद ठेवण्यासाठी मी तरुण स्वयंसेवकांचे वर्ग मोबाइलवरून ऑनलाइन घेते. सर्वांत जास्त वेळ तरोट्यावर जातो. आपला तरोटा ही गरिबाच्या ताटातली भाजी. त्याच्यासारखाच एक परदेशी तरोटा रस्त्याकडेला माजतो. आपल्या तरोट्याची शेंग लांब, बारीक, वाकडी असते. परदेशी तरोट्याची आखूड, चपटी, दाण्यादाण्यामध्ये दबलेली, आणि झाडावर तपकिरी लव असते. ओळख चुकली, तर तण काढता काढता कुणाच्या घरची भाजी जाईल.

म्हणून स्वयंसेवकांसाठी चार नियम :

१. पूर्ण झाड, पान, फूल आणि शेंग यांचे वेगवेगळे फोटो काढा.
२. ठिकाण व तारीख नोंदवा. ‘आयनॅचरलिस्ट’ अॅपवर रेंज नसतानाही नोंद होते. रेंज आल्यावर ती पाठवा.
३. गावातल्या जाणत्या आजीला झाड दाखवा. कोणता पाला शिजवतात हे पडद्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असते.
४. खात्री होईपर्यंत काही उपटू नका. गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालूनच काढा. अंबाबरवा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय कशालाही हात लावू नका.

विचारासाठी : आपल्या मंदिराच्या आवारात कोणती तणे आहेत? ती ओळखायला मंडळीतील कोणता तरुण पुढे येईल?

प्रार्थनेचा विषय : स्वयंसेवकांना धीर आणि पारखी नजर मिळावी, आणि आदिवासी घरांतील भाजीभाकर राखली जावी.