सकाळची गोळी आणि माळशेजची दरड

डोंबिवलीत राहून वेळ मिनिटांत मोजायची सवय लागते. एक लोकल चुकली तर पुढची कितीला, हे तोंडपाठ असतं. त्याच हिशेबाने मी आईला घेऊन ओतूरला निघाले. कल्याणहून साडेसहाची एसटी, माळशेज घाट चढला की मढ, मग ओतूर. साडेदहाला मामाकडे पानावर बसायचं. हा हिशेब आईच्या जिवावर बेतता बेतता राहिला. म्हणून हे लिहिते आहे.

आषाढ होता. आई बहात्तर वर्षांची, वीस वर्षांपासून मधुमेह. पहाटे साडेपाचला तिने नेहमीची गोळी घेतली, वर अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. थालीपीठं डब्यात होती. कल्याण स्टँडवर मी म्हटलं, "थोडं खाऊन घे." ती म्हणाली, "नको गं, खाल्लं की पाणी लागतं, पाणी प्यायलं की उतरावं लागतं. दादाकडेच खाईन." मला ते पटलं, कारण मीही तेच करते. गाडीत बसायचं असेल तर आपण बायका आदल्या रात्रीपासून पाण्याला हात लावत नाही. आपल्याला ही शिस्त वाटते, पण शरीरावर तो अत्याचार असतो.

मुरबाडला गाडी दहा मिनिटं थांबली. स्वच्छतागृहाच्या दारात चिखल पाहून आई मागे फिरली. सरळगाव, टोकावडे मागे पडलं, वैशाखरे आलं. पाऊस उघडला असता तर तिथून नानाचा अंगठा हा कडा दिसला असता. त्याच्या बगलेतून जाणारा नाणेघाट म्हणजे कल्याण बंदरातून जुन्नरला जायची सातवाहनांच्या काळातली वाट. दोन हजार वर्षांपूर्वी त्या वाटेवर कातळात पाण्याची टाकी खोदली आहेत. चालणाऱ्याला तहान लागणार, तो दमणार, हे तेव्हाच्या माणसांनी गृहीत धरलं होतं. मी मात्र आईच्या तहानेचा विचार न करता प्रवास आखला होता.

घाटाच्या पायथ्याशी नऊच्या सुमारास गाडी थांबली. पुढे ट्रकांची रांग. कंडक्टर उतरून चौकशी करून आले आणि म्हणाले, "वर दरड आलीय. जेसीबी गेलाय. किती वेळ लागेल सांगता येत नाही." सगळ्यांनी डबे उघडले. आईने नाही म्हटलं. मीही आग्रह केला नाही, वाटलं तासाभरात सुटू.

साडेअकराच्या सुमारास आई गप्प झाली. खिडकीतून गार वारा येत होता आणि तिच्या कपाळावर घाम. हात थरथरत होते. मी विचारलं तर म्हणाली, "गिरणीतून दळण आणलंस का?" मला वाटलं, गाडी लागली असेल, झोप नीट झाली नसेल. मी तिला उलटीची गोळी दिली आणि डोळे मिटून पडायला सांगितलं. त्या दिवशीची माझी सर्वांत मोठी चूक हीच.

मागच्या सीटवर गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एक आशाताई होत्या. त्या उठून आल्या, आईच्या हाताला हात लावला आणि विचारलं, "मावशींना शुगर आहे का? सकाळपासून काय खाल्लंय?" मी सांगेपर्यंत त्यांनी कंडक्टरना टपरीवर पाठवलं होतं. अर्धा पेला पाणी, त्यात तीन चमचे साखर. आई शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढंच. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "पोचलो का?" मला रडू आवरलं नाही. त्यानंतर थालीपीठ खाल्लं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड. वयस्कर माणसात नुसतं असंबद्ध बोलणं किंवा गप्प होणंही दिसतं, आणि जवळच्यांना ते थकवा वाटतं. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणून निघण्याच्या आधी डॉक्टरांना आपल्या गोळीचं नाव दाखवून विचारा: प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची, किती घ्यायची? आपल्या मनाने बंद करू नका. आणि अशी गोळी घेतली असेल तर पोटभर खाल्ल्याशिवाय गाडीत बसू नका.

साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर पर्समध्ये, हाताशी ठेवा. वरच्या रॅकवरच्या पिशवीत ठेवलेली वेळेला मिळत नाही. चॉकलेटवर भिस्त ठेवू नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. घाटात रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरना लगेच सांगा.

खरं तर त्यांना गाडीत चढतानाच सांगायला हवं. "सोबत वयस्कर माणूस आहे, मध्ये उतरावं लागेल," एवढं एक वाक्य. मला ते बोलायची लाज वाटली होती. पाणी थोडं थोडं पीत राहा. प्रत्येक स्टँडवर, गरज वाटो न वाटो, उतरा. तेवढीच चार पावलं चालल्याने पायांची सूजही कमी होते. स्टँडवर सोय नसेल तर जवळचा पेट्रोलपंप विचारा.

पावसाळ्यात पहाटेचीच गाडी धरा, संध्याकाळची नको. अडकलात तरी हाती उजेड राहतो. निघण्याआधी चौकशीच्या खिडकीवर घाट चालू आहे का विचारा. दरडीचा धोका असेल तर कसारा घाटाने घोटी, सिन्नर, संगमनेर करत आळेफाट्याला उतरता येतं. वळसा मोठा आहे, पण पर्याय आहे. आणि जेवणाची वेळ पोचण्याच्या वेळेवर कधीही टांगू नका.

त्या दिवशी दरड दुपारी अडीचला हटली. आशाताई पायथ्याशीच उतरल्या होत्या, त्यांना पाड्यावर चालत जायचं होतं. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. ओतूरला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मामी ताट घेऊन उभी होती. आई म्हणाली, "आधी संडास दाखव, मग ताट."

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. मुरबाडला गाडी थांबली तेव्हा मी उठायच्या आत आई उभी राहिली, छत्री घेतली आणि कंडक्टरना म्हणाली, "भाऊ, मी येईपर्यंत बेल मारू नका." ते म्हणाले, "सावकाश या, आजी."