डाग आणि कपडा : गवत कापणाऱ्यांचा गणवेश कसा निवडायचा?



'आपले कपडे' हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. सुती, रेशमी, लोकरी. पावसाळ्यात रेनकोट, हिवाळ्यात स्वेटर. पण कामाचे कपडे हा भाग नेमका राहून जातो. खरं तर आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या लेकरांच्या घरात दोरीवर रोज वाळत असतात ते कामाचेच कपडे. कुणाचे हळदीनं पिवळे झालेले, कुणाचे काळ्या मातीनं, कुणाचे गवताच्या हिरव्या डागांनी. म्हणून आजच्या पाठासाठी मी एक साधा प्रश्न घेतला आहे : नगरपरिषदेची बाग, सरकारी कार्यालयांचं आवार, मंगल कार्यालयांची लॉन्स इथं गवत कापणाऱ्या, हिरवळ राखणाऱ्या कामगारांसाठी डाग न धरणारा गणवेश निवडायचा तर कोणता निवडायचा?

हा पाठ इयत्ता ४ थी ते ७ वी साठी घेता येतो. परिसर अभ्यास, विज्ञान आणि गणित, तिन्ही यात येतात. मुद्दा एकच लक्षात ठेवू या. डाग अजिबात लागणार नाही असा कपडा शोधत बसायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे : डाग कशाचा? कपडा घालणार कोण? आणि धुणार कोण?

१) डाग म्हणजे काय?

कपडा धाग्यांचा, धागा बारीक तंतूंचा. रंगाचा कण या तंतूंच्या मध्ये अडकला किंवा तंतूलाच चिकटून बसला की डाग पडतो. प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा असतो.

गवताचा डाग : यात हरितद्रव्य असतं, सोबत पानातली प्रथिनंही असतात. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसतं पाणी मारून डाग जात नाही. स्पिरिटमध्ये मात्र ते विरघळतं. गरम पाण्यानं प्रथिनं घट्ट होऊन बसतात (अंडं उकडल्यावर जसं होतं तसं), म्हणून आधी थंड पाणीच वापरावं.

काळ्या मातीचा डाग : आपली कापसाची काळी माती फार बारीक कणांची. ओली असताना चोळली की ती धाग्यांत अजून आत जाते. आधी वाळू द्यावी, झटकावी, ब्रश मारावा, मग धुवावं.

तेल-ग्रीसचा डाग : गवत कापायच्या मशीनचं तेल, पेट्रोल. पॉलिस्टरला तेलाची ओढ जास्त, त्यामुळे टेरिकॉटच्या पँटवर तेलाचा डाग लवकर बसतो. पाण्याआधी साबण चोळून ठेवणं हा त्यावर उपाय.

हळदीचा डाग : हा आपल्या जिल्ह्याचा खास डाग. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण अभिमानानं सांगतो. ती हळद काढणाऱ्या, शिजवणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या माणसांच्या अंगावरचा पिवळा रंगही त्याच अभिमानाचा भाग आहे. हळदीतलं कुरकुमीन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि सुताला घट्ट धरतं. साबण लावला की डाग लाल होतो, कारण हळद ही नैसर्गिक दर्शक आहे. पण तिची एक कमजोरी आहे : ऊन. उन्हात कुरकुमीन फिकं पडत जातं.

केळीच्या चिकाचाही उल्लेख करावा. लागताना तो पाण्यासारखा दिसतो आणि नंतर तपकिरी होऊन कायमचा बसतो. लेकरांना हे आधीच माहीत असतं, त्यांनाच सांगू द्या.

२) कपडा कसा पारखायचा?

सुती कपडा घाम शोषतो, अंगाला थंड. पण जसा घाम शोषतो तसा डागही शोषतो, आणि उशिरा वाळतो. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पाण्यातला डाग आत जात नाही, लवकर वाळतं. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा शुद्ध पॉलिस्टरमध्ये माणूस उकडून निघतो. शिवाय आगीजवळ ते वितळून कातडीला चिकटतं, म्हणून हळद शिजवण्याच्या भट्टीजवळ ते नकोच.

या दोघांच्या मधला म्हणजे टेरिकॉट. बाजारात साधारण ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत असं मिश्रण मिळतं. सूत जास्त असलेलं मिश्रणही मिळतं, दुकानदाराला विचारावं.

वीण बघायलाही शिकवा. कापड उजेडासमोर धरायचं. आरपार उजेड जास्त दिसला तर वीण विरळ, मातीचे कण आत जाणार. ड्रिलचं कापड (ज्यावर तिरक्या रेषा दिसतात) दाट आणि टिकाऊ असतं, कामाच्या पँटसाठी चांगलं.

आता हवामानाचा विचार. गवत सगळ्यात जास्त वाढतं पावसाळ्यात, म्हणजे कामही तेव्हाच जास्त. आणि नेमकं तेव्हा ऊन नाही, कपडे वाळत नाहीत. म्हणून माझं मत असं : पँट टेरिकॉट ड्रिलची, शर्ट सूत जास्त असलेल्या कापडाचा, फुल बाह्यांचा. जिथं डाग जास्त लागतो त्या गुडघ्यावर दुहेरी कापड. मशीन चालवणाऱ्यासाठी पुढून रेक्झिनचा अ‍ॅप्रन, नडगीला गार्ड, डोळ्याला चष्मा, पायात गमबूट. गवताचे तुकडे आणि खडे उडतात ते पायाकडंच. सगळा गणवेश महागाचा करण्यापेक्षा मारा जिथं बसतो तिथं खर्च करावा.

३) रंगाची युक्ती : खाकीची गोष्ट

खाकी हा शब्द फारसीतल्या 'खाक' म्हणजे धूळ, माती यावरून आला. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाईड्स पलटणीनं पांढऱ्याऐवजी मातकट रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली. त्या धुळीच्या मुलखात असा रंग लांबून उठून दिसत नव्हता, आणि त्यावर मळही दिसत नव्हता. पुढं हा रंग पोलिसांकडं गेला, एसटीच्या चालक-वाहकांकडं गेला, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पांढरा शर्ट-खाकी चड्डी म्हणून आपल्यापैकी अनेकांच्या अंगावरही आला. गंमत बघा, लेकरू बसतं मातीत, म्हणून खाली खाकी!

गवत कापणाऱ्यांसाठी मेंदी हिरवा, राखाडी किंवा खाकी रंग चालतो. फक्त एक काळजी घ्यावी. रस्त्याच्या कडेला किंवा दुभाजकावर काम असेल तर डाग लपवणारा रंग माणसालाही लपवतो. तिथं वरून भडक नारिंगी किंवा पोपटी, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट हवंच. डाग दिसला तर चालेल, माणूस दिसला पाहिजे.

४) अळवावरचं पाणी आणि डागरोधक कपडा

आपल्या भाषेत 'अळवावरचं पाणी' म्हणतात. अळूच्या पानावर बारीक उंचवटे आणि मेणाचा थर असतो, म्हणून थेंब पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. जाताना धूळही घेऊन जातो. डागरोधक कपड्याची कल्पना हीच आहे.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एक द्रव चुकून कापडी बुटावर सांडला. बूट मळला, पण तो ठिपका स्वच्छच राहिला. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ या संशोधकांनी त्यावर काम केलं आणि १९५६ मध्ये 'स्कॉचगार्ड' बाजारात आलं. हा फ्लोरीनयुक्त थर पाणी आणि तेल दोन्ही झटकतो.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. या गटातली रसायनं निसर्गात लवकर मोडत नाहीत, पाण्यात, मातीत आणि माणसाच्या रक्तातही सापडतात. म्हणून त्यांना 'कायमची रसायनं' म्हणतात. २००० मध्ये त्या कंपनीनंच स्कॉचगार्डमधलं जुनं रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं. २००९ मध्ये या गटातलं पीएफओएस हे रसायन स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. आजही डागरोधक म्हणून विकलं जाणारं कापड घेताना 'पीएफएएस-मुक्त आहे का' हे लेखी विचारावं. मेण किंवा सिलिकॉनचा थर असलेली कापडं मिळतात. ती पाणी झटकतात, तेल तितकं नाही. आणि कोणताही थर असो, धुण्यागणिक तो कमी होत जातो.

सगळ्यात महत्त्वाची सूचना : डागरोधक म्हणजे विषरोधक नव्हे. बागेतली माणसं तणनाशक, कीटकनाशकही फवारतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीसाठी मास्क, हातमोजे, चष्मा आणि वेगळे कपडे लागतात. ते कपडे घरच्या धुण्यात, लेकरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, दोन-तीनदा खळबळून धुवायचे आणि उन्हात वाळवायचे.

५) घालणार कोण, धुणार कोण?

आपल्याकडं कापूस वेचायला, निंदायला जाणाऱ्या बाया साडीवर घरातल्या माणसाचा जुना फुल शर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात. हा त्यांनी स्वतःच शोधलेला गणवेश आहे. फुल बाह्या, सुती कापड, डाग लागला तरी चिंता नाही. पण कामाचा गणवेश जेव्हा घाऊक शिवला जातो, तेव्हा मापं बहुतेक पुरुषांची असतात. बाईला तो खांद्यात ढगळ, बाहीत लांब. फिरत्या मशीनजवळ ढगळ बाही किंवा लोंबता पदर धोक्याचा. संत नामदेव आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीचे, त्यांचं घराणं शिंप्याचं. शिंप्याचा पहिला नियम प्रत्येक घरात माहीत आहे : आधी माप, मग कात्री.

आणि धुणं. संध्याकाळी ते मळके कपडे घासते ती बहुतेक घरात आईच. गणवेश निवडणाऱ्यांच्या बैठकीत तिला कुणी विचारत नाही. पांढरा शर्ट ठरवणं सोपं आहे, घासणं तिच्या मनगटाला माहीत. म्हणून प्रत्येक कामगाराला किमान तीन जोड द्यावेत : एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. दोनच जोड दिले तर पावसाळ्यात ओलाच गणवेश अंगावर चढतो आणि नायट्याला आमंत्रण मिळतं.

६) वर्गातले उपक्रम

उपक्रम १ : अळूचं, पेरूचं आणि केळीचं पान आणा. प्रत्येकावर एक थेंब पाणी टाका. थेंबाचा आकार वहीत काढा. मग त्यावर चिमूटभर माती टाकून पान तिरपं करा. काय झालं ते लिहा.

उपक्रम २ : शिंप्याकडून चिंध्या आणा : सुती, टेरिकॉट, पॉलिस्टर, ड्रिल. प्रत्येकावर गवत, माती, हळद आणि खाद्यतेल लावा. एक तास ठेवा, मग थंड पाणी आणि साबणानं सारख्याच वेळा चोळा. तक्ता भरा : डाग गेला, थोडा राहिला, तसाच राहिला.

उपक्रम ३ : हळद लावलेल्या पांढऱ्या सुती तुकड्यावर साबण लावा, रंग बघा. लिंबू पिळा, पुन्हा बघा. दुसरा हळदीचा तुकडा अर्धा पुठ्ठ्यानं झाकून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि दोन्ही अर्धे ताडून पाहा.

(सूचना : स्पिरिट वापरायचं असेल तर ते शिक्षकांनीच वापरावं, जवळ आग नको. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीच एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. हे पालकांनाही सांगा.)

उपक्रम ४ (गणित) : समजा एक जोड ६०० रुपयांचा, ६ महिने टिकतो. दुसरा ९०० रुपयांचा, १५ महिने टिकतो. ८ कामगारांना प्रत्येकी ३ जोड द्यायचे आहेत. ३० महिन्यांत खर्च किती?
पहिला : २४ जोड × ६०० = १४,४०० रुपये; ५ वेळा घ्यावे लागतील, एकूण ७२,००० रुपये.
दुसरा : २४ जोड × ९०० = २१,६०० रुपये; २ वेळा, एकूण ४३,२०० रुपये.
'स्वस्त कोणता?' या प्रश्नावर लेकरांना वाद घालू द्या.

उपक्रम ५ (मुलाखत) : घरातल्या किंवा शेजारच्या कष्टकरी माणसाला विचारा. तुमच्या कामात कोणता डाग लागतो? तो कोण धुतं, कसं धुतं? कपड्यात काय बदल हवा?

७) जाता जाता

पाचव्या उपक्रमाला वेळ द्या, अशी विनंती. 'मळके कपडे' आणि 'घाणेरडे कपडे' हे दोन शब्द लेकरं एकाच अर्थानं वापरतात आणि त्यावरून एकमेकांना चिडवतातही. मळणं हा कामाचा परिणाम आहे, घाण हा निष्काळजीपणाचा. हा फरक फळ्यावर लिहून पाठ होत नाही, पण 'माझ्या आईच्या हाताला साबणाआधी माती वाळवायची युक्ती माहीत आहे' असं एखादं लेकरू वर्गात उभं राहून सांगतं, तेव्हा तो सगळ्यांना कळतो.

स्वाध्याय
१. गवताचा डाग गरम पाण्यात का टाकू नये?
२. हळदीचा डाग लागलेला कपडा सावलीत वाळवावा की उन्हात? कारण सांगा.
३. डागरोधक कपडा घालून फवारणी करणं सुरक्षित आहे का?
४. तुमच्या शाळेच्या परसबागेत काम करणाऱ्यांसाठी गणवेश सुचवा. कापड, रंग, जोड आणि कारणं लिहा.

आपल्या वर्गात कोणता डाग सगळ्यात चिवट निघाला, ते जरूर कळवा.