गाण्याचे दार उघडणारे विष्णुबुवा

आपल्या गावात भजन असतं. एकादशीला देवळात टाळ-मृदंग वाजतो. तालुक्याच्या गावी गाण्याचा क्लासही असतो. फी भरली की कुणाच्याही मुलाला, कुणाच्याही मुलीला तिथं बसता येतं. पेटीवर सा रे ग म शिकता येतं. परीक्षा देता येते. यात आज कुणाला नवल वाटत नाही.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी असे नव्हते. भजन आणि ओव्या सगळ्यांच्या होत्या. रागदारीचे गाणे मात्र थोड्या घरांत कोंडलेले होते. ते राजाच्या दरबारात व्हायचे किंवा श्रीमंताच्या वाड्यात. साध्या माणसाच्या कानावर ते पडणेसुद्धा कठीण होते. मग शिकणे तर दूरच राहिले.

असे का होते? गवई माणसे वाईट होती म्हणून नव्हे. गवयाची विद्या हीच त्याची जमीन आणि हीच त्याची बैलजोडी. ती दुसऱ्याला देऊन टाकली तर आपल्या पोराने काय खावे, असे त्याला वाटे. म्हणून तो आपली ठेवणीतली चीज सहसा बाहेर काढीत नसे. चीज म्हणजे रागात बांधलेले गाणे. फार तर मुलाला सांगे, नाहीतर एखाद्या आवडत्या शिष्याला. मुलगा नसला, शिष्य मिळाला नाही, तर गवयाबरोबर त्याची विद्याही जाई. लिहून ठेवलेले काही नसेच.

हे दार उघडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे एक मोठे नाव आहे. त्यांची हकीकत आम्ही या पाठात सांगणार आहोत.

कुरुंदवाडचा मुलगा

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमाजवळ कुरुंदवाड नावाचे गाव आहे. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात येते. त्या काळी ते लहानसे संस्थान होते. तिथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तन करीत. त्यामुळे घरात देवाचे नाव आणि गाणे दोन्ही होते.

विष्णू शाळेत जाऊ लागला होता. एका उत्सवात शोभेची दारू उडत होती. एक फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला. दोन्ही डोळ्यांना इजा झाली. पुढे औषधोपचाराने थोडे दिसू लागले, पण नजर कायमची अधू झाली. बारीक अक्षर वाचणे जमेना. शाळा सुटली.

आता या मुलाचे कसे होणार? घरच्यांना काळजी पडली. मुलाचा आवाज मात्र गोड होता. मग त्याला गाणे शिकवायचे ठरले.

मिरजेचे दिवस

जवळच मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे थोर गवई राहत. त्यांनी विद्या कशी मिळवली, हेही सांगण्यासारखे आहे. तरुणपणी ते गाणे शिकायला थेट ग्वाल्हेरपर्यंत गेले. हालअपेष्टा काढल्या. गुरूच्या घरी पडेल ते काम केले. वासुदेवबुवा जोशी यांनी त्यांना विद्या दिली. ही विद्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांच्या घराण्याची. बाळकृष्णबुवांनी ती महाराष्ट्रात आणली. हिंदू काय, मुसलमान काय, गाण्याची गंगा अशी एका घरातून दुसऱ्या घरात वाहत आली आहे.

अशा गुरूपाशी विष्णू राहिला. पहाटे उठावे, तंबोरा घ्यावा आणि एकेक स्वर घासूनपुसून स्वच्छ करावा. पुन्हा संध्याकाळी तेच. कित्येक वर्षे हा क्रम चालला. मिरजेच्या राजांचा त्याच्यावर लोभ होता. राहण्या-जेवणाची ददात नव्हती.

पण एक गोष्ट विष्णूच्या मनाला लागली. तिची हकीकत अशी सांगतात. गावात एक मोठा समारंभ होता. विष्णूला आमंत्रण आले, कारण तो राजाच्या मर्जीतला. गुरूंना मात्र आले नाही. त्याने कारण विचारले, तेव्हा कळले की गुरू पडले गवई. गवयाला कशाला बोलवायचे?

ज्याच्या गाण्याला लोक माना डोलवतात, त्यालाच पंगतीला बसवायला नको! विष्णूच्या मनात आले, हे बदलले पाहिजे. गाणाऱ्याला मान मिळाला पाहिजे. आणि गाणे लोकांपर्यंत गेले पाहिजे.

दरबार सोडला

१८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. हाताशी पैसा नव्हता. डोळे अधू होते. बरोबर होता तो गळा आणि तंबोरा. साताऱ्याकडून बडोदा, मग सौराष्ट्र, पुढे ग्वाल्हेर, मथुरा असे ते हिंडत गेले. जागोजागी गायले.

सौराष्ट्रात त्यांनी एक नवी गोष्ट केली. तिकीट लावून जाहीर गाणे केले. आज आपल्याला तिकिटाचे काय वाटते? तमाशाला, नाटकाला, सिनेमाला आपण तिकीट काढतोच. पण त्या काळी रागदारी गाण्याला तिकीट ही नवलाची गोष्ट होती. विचार करून पाहा. वाड्यातल्या गाण्याला मालकाने बोलावले तरच जाता येई. तिकीट असले की ज्याच्या खिशात चार पैसे आहेत, तो कुणाच्याही परवानगीवाचून जाऊन बसू शकतो. आणि गवयालाही एकट्या राजाच्या मर्जीवर जगावे लागत नाही.

लाहोरची शाळा

हिंडत हिंडत बुवा पंजाबात लाहोरला पोचले. हे शहर आज पाकिस्तानात आहे. तिथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गाण्याची शाळा काढली. नाव ठेवले गांधर्व महाविद्यालय.

गाण्याची शाळा ही काही अगदी पहिलीच नव्हती. बडोद्याला १८८६ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गाण्याची शाळा चालू केली होती. पण तिच्या पाठीशी राजाची तिजोरी होती. लाहोरच्या शाळेच्या पाठीशी होते लोकांच्या वर्गण्या आणि बुवांचा गळा. ते गाण्याचे जलसे करीत आणि आलेला पैसा शाळेत घालीत.

सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. चांगल्या घरच्या मुलाने गाणे शिकायचे, हीच गोष्ट लोकांना पटत नव्हती. बुवांनी धीर सोडला नाही. हळूहळू मुले आली. पुढे मुलीही आल्या. गरीब मुलांना बुवा आपल्याजवळच ठेवून घेत. त्यांचे जेवणखाण, शिक्षण फुकट. त्यांनी एवढेच कबूल करायचे की शिकून झाल्यावर काही वर्षे शाळेचे काम करू आणि दुसऱ्यांना शिकवू.

ही अट नीट ध्यानात घ्या, बरं का. घेतलेली विद्या परत द्यायची, पण ती पुढच्या माणसाला. अशाने एका दिव्यावर दुसरा दिवा लागत जातो.

१९०८ साली मुंबईतही शाळा सुरू झाली. मोठी इमारत उभी राहिली. वाद्ये करायचा कारखाना निघाला. छापखाना निघाला.

गाणे कागदावर कसे लिहितात?

छापखाना कशाला? तर गाण्याची पुस्तके छापायला. आता तुम्ही विचाराल, गाणे कागदावर कसे लिहिणार? शब्द लिहिता येतील. पण चाल कशी लिहायची?

त्याची युक्ती अशी. सूर मुख्य सात. त्यांना सात अक्षरे दिली : सा, रे, ग, म, प, ध, नी. काही सूर थोडे उतरलेले असतात. त्यांना कोमल म्हणतात. त्यांच्यासाठी अक्षराला एक खूण करायची. सूर उंच पट्टीतला असला तर दुसरी खूण, खालचा असला तर तिसरी. मग तालाचे माप. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा असतात, हे आपल्या गावच्या मृदंगवाल्याला विचारलं तर तो सांगेल. तेव्हा ओळीत आठ घरे पाडायची. कोणता सूर कोणत्या घरात पडतो, ते लिहायचे. त्याच्या खाली गाण्याचा शब्द. झाले. या लिहिण्याला स्वरलिपी म्हणतात.

विष्णुबुवांनी संगीत बालप्रकाश, रागप्रवेश अशी अनेक पुस्तके या रीतीने काढली. त्याच सुमारास मुंबईत पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हेही असेच काम करीत होते. ते वकील. ते देशभर हिंडले, गवयांकडून जुन्या चिजा मिळवल्या आणि पुस्तकांत छापल्या. दोघांच्या खुणा निराळ्या, पण हेतू एकच. विद्या मरू नये आणि मागेल त्याला मिळावी.

पुस्तकाने सगळे गाणे येते का? नाही. गळा कसा फिरवावा, कुठे थांबावे, हे गुरूच्या समोर बसूनच कळते. पोहणे काही पुस्तकात शिकता येत नाही, तसेच हे. शाळेत एकदम पन्नास मुले बसवून मोठे गवई तयार होत नाहीत, असे त्या वेळीही लोक म्हणत. त्यात तथ्य होते. पण पुस्तक आठवण धरून ठेवते. गुरू गेला तरी चीज राहते.

दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बुवांना वाटे, गाणे घरादारांत जायचे तर त्याचे शब्द शुद्ध हवेत. म्हणून काही जुन्या चिजांचे शृंगाराचे शब्द बदलून त्या जागी देवाची गाणी घातली गेली. गाणे घराघरात गेले खरे. पण ज्या कलावंतिणींनी ते पिढ्यानुपिढ्या गळ्यात जपले, त्यांना या नव्या मानात वाटा मिळाला नाही. दार उघडले, तरी सगळ्यांना आत घेतले असे नाही.

इमारत गेली, विद्या राहिली

मुंबईच्या इमारतीसाठी मोठे कर्ज झाले होते. ते फिटेना. १९२० नंतरच्या वर्षांत इमारतीचा लिलाव झाला. सावकारापायी ज्याचे शेत गेले आहे, त्याला या दुःखाची कल्पना येईल. घरीही दुःख होते. बारा मुले झाली, त्यांतला एकच मुलगा जगला. बुवा नाशिकला आले. तिथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. पुढे ते रामनामात आणि रामायण गाण्यात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांनी देह ठेवला.

मग काय राहिले? इमारत गेली होती. पैसा नव्हता. पण शिष्य होते.

नारायणराव खरे हे एक शिष्य. ते महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात गाणे शिकवीत. १९३० साली गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला पायी निघाले, तेव्हा खरेही त्यांच्याबरोबर चालले. ‘रघुपती राघव’ ही रामधून देशभर गाजली. तिची चाल विष्णुबुवांची मानतात. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर यांनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गाण्याचे शिक्षण उभे केले. बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात.

आणि तो जगलेला एकुलता मुलगा? त्याचे नाव दत्तात्रेय. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडिलांची विद्या त्याला मिळाली ती वडिलांच्या शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून. पुढे तो द. वि. पलुसकर या नावाने मोठा गवई झाला. १९५५ साली, ऐन उमेदीत, तो वारला. त्याच्या तबकड्या लोक अजून ऐकतात. पाहा, बापाने परक्या मुलांना जे दिले, तेच फिरून त्याच्या लेकराच्या ओंजळीत पडले.

आपण काय करावे?

आपल्या गावातही विद्या आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी आजी आहे. भारुडाच्या जुन्या चाली जाणणारे एखादे बुवा आहेत. संबळ वाजवणारा आहे. त्यांचे पाठांतर कुठे लिहिलेले आहे का? बहुधा नाही. ती माणसं गेली की ते सारं त्यांच्याबरोबर जाईल.

आम्हांला असे वाटते की तुम्ही एक वही घालावी. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आजीजवळ बसा. तिला ओवी म्हणायला सांगा. जशी म्हणेल तशी उतरून घ्या. शब्द सुधारू नका. ओवी कुणाची, ती कुणाकडून शिकली, तेही लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. मग ती वही शाळेतल्या मुलांना वाचून दाखवा.

विचार करा

१. पूर्वीचे गवई आपली विद्या इतरांना का देत नसत? त्यांचे चूक होते का?
२. तिकीट लावून गाणे केल्याने साध्या माणसाचा काय फायदा झाला?
३. स्वरलिपी म्हणजे काय? तिच्याने काय होते आणि काय होत नाही?
४. आपल्या गावातली कोणती विद्या कुठेच लिहिलेली नाही? अशा तीन गोष्टी वहीत लिहा.