आंतड्यांतील शेती व तिचें खत

जमिनींतील सूक्ष्म जीव जसे शेणखतावर पोसतात, तसे मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांतील जंतु आपणांस न पचणाऱ्या अन्नांशांवर जगतात. हितकर जंतूंस पोसणाऱ्या अशा अन्नांशांस गिब्सन व रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं ‘प्रीबायोटिक’ हें नांव दिलें.

जंतूंनीं हे अन्नांश आंबविले म्हणजे ब्युटिरिक आम्ल तयार होतें. तें आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य इंधन होय. त्यायोगें अस्तर दृढ राहून दाहास आळा बसतो. खाद्य न मिळाल्यास कांहीं जंतु अस्तरावरील संरक्षक श्लेष्माच खाऊं लागतात, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसलें आहे.

आपल्या मालवण किनाऱ्यास हें खत घरचेंच आहे. कुळीथ, चवळी, कांदा, लसूण व कच्चें केळें यांत तें असतें. शिजविलेला भात निवल्यावर त्यांतील थोडें पिष्टही न पचणारें बनतें. मात्र असा भात दमट हवेंत रात्रभर उघडा ठेवूं नये, त्यांत विषारी जंतु वाढतात. कुळीथ विकून पांढराशुभ्र सडलेला तांदूळ विकत आणणें म्हणजे आपलें खत दुसऱ्याच्या कुणग्यांत टाकणें होय.

तथापि हें औषध नव्हे. क्रोन नामक आंत्रदाहाच्या १०३ रुग्णांवरील चांचणीचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला; तींत अशा शर्करेपासून लाभ दिसला नाहीं, उलट कित्येकांस वायूचा त्रास झाला. शौचावाटे रक्त पडत असल्यास प्रथम डॉक्टरांस दाखवावें. निरोग्यानें मात्र कुळथाची पिठी आहारांत हळूहळू वाढवावी.