रविवारचं पाणी

सक्युलंट म्हणजे कमी पाण्याचं, बिनकटकटीचं झाड. सकाळची लोकल गाठून रात्री घरी टेकणाऱ्या बदलापूर-अंबरनाथकराला ते लगेच पटतं, आणि ‘आठवड्यातून एकदाच पाणी’ ही नर्सरीतली सूचना आपसूक रविवारच्या सुट्टीवर जाऊन बसते. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे सक्युलंट दुर्लक्षाने क्वचितच मरतं. ते मरतं या रविवारच्या पाण्याने. किती घातलं यापेक्षा माती किती दिवस ओली राहिली याला महत्त्व आहे, आणि ते वारावर नाही, हवेवर ठरतं. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत खडखडीत होणारी छोटी कुंडी जुलैत आठवडा उलटला तरी आतून ओलीच असते. तेवढ्यात पुढचा रविवार उजाडतो.

याचं मूळ या झाडांच्या श्वास घेण्याच्या तऱ्हेत आहे. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असताना पानफुटीचं पान चघळून पाहिलं. पहाटे ते आंबट लागे, दिवस चढला की बेचव. त्याचं हे टिपण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. आंबटपणाचा उलगडा पुढे झाला: पाणी वाचवण्यासाठी ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, रात्री उघडतात आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. म्हणजे यांची ड्युटी रात्रपाळीची, आणि त्यासाठी गार रात्र मानवते. गुलाबासारखी दिसणारी एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातली. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेची; तिथल्या कारूच्या बऱ्याच भागात वर्षाकाठी २५० मिलिमीटरही पाऊस होत नाही. इकडे सांताक्रूझ वेधशाळेची एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे, आणि आपण तर डोंगराच्या आणखी जवळ. रात्रीचा पारा पंचविशीच्या आसपास, हवा दमट. झाड पाणी ओढत नाही, माती वाळत नाही, मुळं गुदमरतात आणि बुरशीची चंगळ होते. 

यावर कोणीही विचारेल, मग आपल्या डोंगरांवर निवडुंग चार महिने उघड्यावर भिजत उभा असतो, तो कसा कुजत नाही? कारण तो कातळाच्या खाचेत, उतारावर असतो. पाऊस थांबला की मुळांजवळचं पाणी वाहून जातं आणि वाऱ्याला आडकाठी नसते. चिनी मातीच्या बिनभोकाच्या कपात, कोकोपीटमध्ये ठासलेल्या रोपाची त्याच्याशी बरोबरी होत नाही. तळाला खडे घातले की निचरा होतो, हाही असाच एक समज. बारीक माती खालच्या खड्यांत पाणी सहजी सोडत नाही. ते खड्यांच्या वर मातीतच अडून बसतं, आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. खडे तळाला नकोत, सगळ्या मातीत मिसळलेले हवेत: विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, धुतलेली जाड रेती किंवा बारीक खडी दोन भाग आणि माती एक भाग. विटांची भुकटी चाळून टाकावी, नाहीतर पुन्हा चिखलच. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवतीचा कोकोपीटचा किंवा लाल मातीचा गोळा हलक्या हाताने मोकळा करावा. तो तसाच राहिला तर बाहेरच्या चांगल्या मिश्रणाचा काही उपयोग नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तहानलेलं आणि कुजणारं, दोन्ही झाडं मलूल दिसतात. फरक पानात आहे. तहानेने पान पातळ होतं, सुरकुततं, पण देठाला घट्ट धरून असतं. कुजीत खालचं पान शिजवलेल्या कांद्यासारखं पारदर्शक, पिवळट होतं आणि बोट लागताच गळून पडतं. अशा वेळी पाणी देणं म्हणजे उरलासुरला जीवही घेणं. खोड धारदार सुरीने आडवं कापावं. कापात तपकिरी कडं दिसलं तर आणखी वर कापावं, पांढुरकं-हिरवं स्वच्छ लागेपर्यंत. मग तो शेंडा चार-पाच दिवस सावलीत कोरडा ठेवावा, जखम भरू द्यावी आणि नंतर सुक्या मिश्रणावर टेकवावा.

बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तरी भरपूर पाणी नको का? तेव्हाही बेतानेच. उकाड्यात यातली बरीच झाडं अर्धी झोपलेली असतात. दुपारच्या उन्हातून हलवून संध्याकाळी थोडं पाणी पुरतं. जूनच्या पहिल्या सरीआधी कुंड्या पागोळ्यांपासून आत घ्याव्यात, पण अंधारात नव्हे. खिडकीच्या ग्रिलमध्ये, वरच्या छज्ज्याखाली, वारा लागेल अशा. सप्टेंबर सरेपर्यंत कुंडी उचलून पाहावी आणि हलकी फुलासारखी लागली तरच घोटभर पाणी द्यावं.

एवढं करूनही एचेव्हेरिया या हवेत पावसाळा काढेलच असं नाही. कोरफड, शेर, सॅन्सेव्हेरिया, पानफुटी ही मंडळी इथे निभावतात. नवख्याने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. एचेव्हेरियाचा मोह आवरत नसेल तर ती शेवंतीसारखी हंगामी धरावी: नोव्हेंबरात आणावी, फेब्रुवारीपर्यंत डोळे भरून पाहावी, आणि जुलैत गेली तर रिकाम्या कुंडीत कोरफडीचं पिल्लू लावावं.